निद्रा, जागृती आणि ड्रायव्हर

वीज वाचविणे म्हणजे नको असलेला दिवा मालविणे, अशी आपणा सर्वांची साधी समजूत असते. आणि दिव्यापुरती ती खरीही आहे. खोलीत कोणी नाही, दिवा मालविला. कोणी आले, बटण दाबले. दिव्याला काही आठवावे लागत नाही, आणि मालविलेल्या दिव्याकडे कोणी निरोप घेऊन येत नाही. परंतु संगणकात अशी काही उपकरणे आहेत की ज्यांना हा न्याय लागू पडत नाही. त्यांत नेटवर्क कार्डाचा क्रमांक वरचा लागेल. बाहेरून येणारा निरोप घेणे हे या कार्डाचे काम. आणि निरोप केव्हा येईल हे निरोप घेणाराच्या हाती नसते. मग त्याने झोपावे केव्हा, झोपताना काय ध्यानात ठेवावे, आणि कोणाच्या हाकेला उठावे? हे प्रश्न सोडविण्याचे काम ड्रायव्हर नावाच्या एका आज्ञावलीकडे असते. तिच्याविषयी येथे थोडे विवेचन करण्याचा आमचा विचार आहे.

दुभाषा आणि पहारेकरी

संगणकाचा कारभार ऑपरेटिंग सिस्टिम पाहते. बाजारात नेटवर्क कार्डे शेकडो प्रकारची. प्रत्येकाच्या आतील रचना निराळी. ती सारी ऑपरेटिंग सिस्टिमला ठाऊक असणे शक्य नाही. म्हणून कार्डागणिक एक दुभाषा लागतो. ‘हा मजकूर पाठव’ असे वरून आले की कार्डाच्या कोणत्या खणात कोणता अंक लिहावयाचा हे तो जाणतो, आणि कार्डाने खूण केली की तिचा अर्थ वर कळवितो. हा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. मजकूर लहान लहान पुडक्यांत बांधून तारेवरून जातो. त्या पुडक्यास पॅकेट म्हणतात.

जुन्या वाड्याच्या देवडीवर पहारेकरी असे. वाड्यातली माणसे निजली तरी तो जागा. किंवा निजलाच तर एक कान उघडा ठेवून. नेटवर्क कार्डाची स्थिती पुष्कळशी अशीच आहे. मात्र त्या पहारेकऱ्याला आपली अक्कल असे. कार्डाला ती नाही. कोणत्या आवाजाने उठावे आणि कोणत्या आवाजाकडे दुर्लक्ष करावे, हे ड्रायव्हरने झोपण्यापूर्वी त्याला लिहून द्यावे लागते.

रिकाम्या तारेचा खर्च

येथे कोणी शंका घेईल की, निरोप येत नसताना कार्ड स्वस्थच असणार, मग वीज खर्च होते कशात? शंका योग्य आहे, पण वस्तुस्थिती उलट आहे. सेकंदाला १ कोटी बिट वाहणाऱ्या जुन्या इथरनेटमध्ये तार रिकामी असली की सुमारे १६ मिलिसेकंदांनी एकदा ‘मी आहे’ अशी खूण जाई. बाकी वेळ शांतता. सेकंदाला १० कोटी आणि पुढे १०० कोटी बिटांचा वेग आल्यावर ही रीत पुरेना. दोन्ही टोकांचा ताल सतत जुळलेला राहावा म्हणून या तारांवर रिकाम्या वेळीही निरर्थक चिन्हे अखंड वाहत ठेवावी लागतात. बोलावयास काही नाही म्हणून गप्प बसण्याची सोयच राहिली नाही. कार्यालयातील संगणकाचे कार्ड दिवसातील बहुतेक वेळ रिकामे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा खर्च किती वायफळ आहे ते दिसेल.

आता झोपलेल्या यंत्राचा हिशेब पाहू. संगणक बंद केल्यावरही कार्डासाठी ३.३ व्होल्टची एक साहाय्यक वाहिनी जिवंत राहू शकते. पीसीआय मानकाने या वाहिनीवरील मर्यादा ठरवून दिली आहे : कार्डाने हाकेला उठावयाचे असेल तर ३७५ मिलिअँपिअर, नसेल तर अवघे २०. गुणाकार केला तर पहिली मर्यादा सुमारे १.२४ वॉट आणि दुसरी सुमारे ०.०७ वॉट येते. ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष खर्च याहून कमी असू शकतो. तरी एखादे कार्ड ती मर्यादा गाठून वर्षभर तसेच राहिले, तर फरक सुमारे १० युनिटांचा पडेल. पाचशे संगणकांच्या संस्थेत तो ५ हजार युनिटांवर जातो. ऐकत राहण्याचीही किंमत आहे, एवढेच यातून घ्यावयाचे. ती कोठे द्यावी आणि कोठे देऊ नये, हे ठरविणे म्हणजेच वीजनियोजन.

झोपेच्या पायऱ्या

हे ठरवावयाचे कोणी, याविषयी संगणकाच्या इतिहासात मतभेद झाला आहे. १९९२ साली इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम नावाची पद्धत पुढे आणली. तीत झोपेची सूत्रे बहुतांशी बायॉसकडे असत. यंत्र सुरू होताना जागे होणारी ती मूळ आज्ञावली. तिला कोणते काम चालू आहे, कोण कोणाची वाट पाहत आहे, याची खबर नसे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले आणि सूत्रे ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती दिली. ज्याला कामाची माहिती आहे त्यानेच विश्रांतीचा निर्णय करावा, हे त्यातील तत्त्व. १९९७ साली पीसीआय उपकरणांसाठी याच धर्तीचे वीजनियोजनाचे मानक आले, आणि प्रत्येक कार्डाच्या ड्रायव्हरवर नवी जबाबदारी पडली.

या मानकांत उपकरणाच्या चार अवस्था सांगितल्या आहेत. डी-शून्य म्हणजे पूर्ण जागृती. डी-एक आणि डी-दोन या मधल्या डुलक्या. त्या ऐच्छिक असल्यामुळे पुष्कळ कार्डांत आढळतच नाहीत. डी-तीन म्हणजे गाढ झोप. हिचेही दोन प्रकार आहेत, उष्ण आणि शीत. उष्ण झोपेत मुख्य वीज चालू असते, परंतु कार्डाचे फार थोडे खण वाचता येतात. शीत झोपेत मुख्य वीजच तोडलेली असते, आणि उरते ती वर सांगितलेली साहाय्यक वाहिनी.

झोप जितकी गाढ तितकी बचत अधिक, आणि उठण्यास वेळही अधिक. उष्ण डी-तीनमधून जागे झालेल्या कार्डाला हात लावण्यापूर्वी १० मिलिसेकंद थांबावे, असा दंडक आहे. माणसाला हा काळ क्षणाहूनही लहान वाटेल. पण १०० कोटी बिटांच्या तारेवरून तेवढ्यात पूर्ण लांबीची आठशेवर पॅकेटे येऊन जातात. ड्रायव्हर लिहिणाराचे कालमान हे असे निराळे असते.

झोपविण्याची रीत

कार्डाला झोपविणे म्हणजे एक कळ फिरविणे नव्हे. ती क्रमाने करावयाची कृती आहे, आणि क्रम चुकला तर अनर्थ होतो. प्रथम ड्रायव्हरने वर कळवावयाचे की, आता नवी पॅकेटे देऊ नका. हाती घेतलेली एक तर पाठवून संपवावयाची किंवा टाकून द्यावयाची. मग येणाऱ्यांचे दार लावावयाचे. कार्डाला संगणकाच्या स्मृतीत परस्पर लिहिण्याची मुभा दिलेली असते. ती या वेळी काढून घेतलीच पाहिजे. नाहीतर जी जागा दुसऱ्या कामाला दिली गेली तिथे कार्ड आपला मजकूर लिहून मोकळे होईल, आणि कारण शोधणाराला ते महिनोन् महिने सापडणार नाही. त्यानंतर कार्डाची मांडणी टिपून ठेवावयाची, कोणत्या हाकेने उठावे ते कार्डात लिहावयाचे, आणि शेवटी डी-तीनची आज्ञा द्यावयाची. काही ड्रायव्हर याआधी आणखी एक काटकसर करतात : हाक ऐकण्यापुरता कमी वेग पुरतो, म्हणून तारेचा वेग उतरवितात.

उठताना हीच पावले उलट क्रमाने टाकावयाची. गाढ झोपेनंतर कार्डाला पूर्वीचे काही आठवते असे ड्रायव्हरने धरून चालू नये. आपला पत्ता कोणता, कोणत्या समूहाची पॅकेटे घ्यावयाची, स्मृतीतील रांगा कोठे आहेत, हे सारे त्याला पुन्हा पढवावे लागते. यातील एक बाब राहिली, तर कार्ड जागे दिसते, दिवा लुकलुकतो, आणि निरोप मात्र पोचत नाही. झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही, ही आपल्याकडील म्हण येथे उलटी लागू पडते : हे जागेपणाचे सोंग आहे, आणि ते अधिक त्रासदायक.

पूर्वी अशी झोप सबंध संगणक झोपेल तेव्हाच येई. डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.३२ या आवृत्तीत, संगणक जागा असतानाही एकेका उपकरणाला निजविण्याची सर्वसाधारण व्यवस्था झाली. तार उपसली आहे, कार्डाला काम नाही, तर त्याने पाच-दहा सेकंद वाट पाहून झोपावे आणि तार जोडताच उठावे, असे तिच्या आधारे करता येते. सोय उत्तम, पण तिच्यामुळे एक नवा पेच उभा राहिला. घरातील माणसे जागी आणि पहारेकरी निजलेला, अशी स्थिती आता दिवसाही येऊ लागली. कोणी येऊन आकडेवारी विचारली आणि ड्रायव्हरने कार्ड उठविल्यावाचून त्याचा खण वाचला, तर उत्तरात सर्व बिटे ‘एक’ अशी येतात. झोपलेल्या कार्डाचे ते उत्तर नव्हेच. उत्तराचा अभाव तसा दिसतो. ड्रायव्हरने त्यावर विश्वास ठेवला तर चार अब्जांच्या घरातील भलताच आकडा पुढे जातो.

याहून बिकट पेच कुलपाचा. लिनक्समध्ये नेटवर्कची मांडणी एका वेळी एकानेच बदलावी म्हणून एक सामाईक कुलूप आहे. समजा, कोणी किल्ली घेतली आणि कार्डाची मांडणी बदलावयास निघाला. कार्ड झोपलेले, म्हणून ते उठविले. उठविण्याच्या कृतीत ड्रायव्हरने तीच किल्ली मागितली. किल्ली पहिल्याच्या हाती. तो कार्ड उठण्याची वाट पाहतो, आणि कार्ड उठविणारा किल्लीची. दोघेही कायमचे तटस्थ! हा दोष कल्पनेतील नाही. इंटेलच्या काही कार्डांसाठी असलेल्या आयजीबी या ड्रायव्हरातील असाच पेच २०२१ साली दुरुस्त करण्यात आला.

हाक कोणाची ऐकावी

आता हाकेकडे वळू. नोव्हेंबर १९९५ मध्ये एएमडी कंपनीने ‘मॅजिक पॅकेट’ नावाच्या युक्तीची माहिती प्रसिद्ध केली. युक्ती अगदी सोपी आहे. प्रथम सहा बाइट पूर्ण भरलेले, म्हणजे सर्व बिटे ‘एक’ असलेले. त्यामागून ज्या कार्डाला उठवावयाचे त्याचा सहा बाइटांचा पत्ता सोळा वेळा. एकूण १०२ बाइट. एवढी खूण पॅकेटात कोठेही सापडली की कार्डाने यंत्राला उठवावे. सोळा वेळा पत्ता अपघाताने जुळून येणे जवळजवळ अशक्य. आणि खूण इतकी सरळ की ती ओळखण्यास कार्डातील अगदी थोडा भाग जागा ठेवला तरी पुरतो. कुंभकर्णाला उठविण्यासाठी ढोलनगारे लागले. येथे आपलेच नाव सोळा वेळा कानी पडले की काम भागते.

यापेक्षा उदार नियमही लावता येतात. ‘मला उद्देशून आलेल्या कोणत्याही पॅकेटाने ऊठ’, किंवा ‘सर्वांना उद्देशून आलेल्या पॅकेटाने ऊठ’, असे सांगता येते. पण जाळ्यावर ‘अमुक पत्ता कोणाचा?’ अशी विचारणा सर्वांना उद्देशून सतत चालू असते. त्या प्रत्येक हाकेला उठणारे यंत्र रात्रभर झोपत नाही, आणि बचतीचा हेतू बुडतो. याला एक उपाय म्हणजे साध्या विचारणेचे उत्तर झोपेतच देणे. २००९ साली आलेल्या विंडोज ७ मध्ये अशी उत्तरे कार्डानेच परस्पर द्यावीत ही सोय झाली. त्याच वर्षी ॲपलने दुसरी वाट धरली : झोपलेल्या यंत्राच्या वतीने जाळ्यावरील दुसऱ्या उपकरणाने उत्तरे द्यावीत, आणि खरोखरीचे काम आले तरच त्याला उठवावे. शेजारधर्माचीच ही आवृत्ती म्हणावयास हरकत नाही.

हाकेच्या बाबतीत एक उणीव सांगितली पाहिजे. मॅजिक पॅकेट पाठविणारा कोण, हे ते पॅकेट सांगत नाही. पत्ता ठाऊक असलेला, त्याच जाळ्यावरील कोणीही हाक मारू शकतो. काही कार्डांत सहा बाइटांचा परवलीचा शब्द जोडता येतो. परंतु तो तारेवरून उघडाच जातो. म्हणून जेथे दुरून उठविण्याची गरज नाही तेथे ही सोय बंद ठेवणे इष्ट. त्यात वीजही वाचते आणि दारही लागते.

क्षणभराची डुलकी

आतापर्यंत लांब झोपेचा विचार झाला. पण दोन पॅकेटांमधील अवकाशातही झोपता येईल काय? सप्टेंबर २०१० मध्ये संमत झालेल्या आयईईई ८०२.३एझेड या मानकाने तशी वाट काढली. तारेच्या दोन्ही टोकांनी आधी करार करावयाचा; मग रिकाम्या वेळी निरर्थक चिन्हांचा प्रवाह थांबवून मधूनमधून ताल जुळविण्यापुरतीच खूण द्यावयाची. १०० कोटी बिटांच्या तांब्याच्या तारेवर झोपी जाण्यास सुमारे १८२ आणि उठण्यास सुमारे १६.५ मायक्रोसेकंद लागतात. पूर्ण लांबीचे एक पॅकेट पाठविण्यास लागतात सुमारे १२. म्हणजे पॅकेटे एकेकटी, तुटक तुटक आली, तर कामाच्या सोळापट वेळ निजण्याउठण्यात जातो. यावर तोड म्हणजे थोडी पॅकेटे साठवून एकदम पाठविणे. तसे केले की बचत वाढते, पण प्रत्येक पॅकेटाला उशीर होतो. मोठी फाइल उतरविणाराला तो जाणवणार नाही. दुरून संभाषण करणाराला जाणवेल. किती वेळ वाट पाहून झोपावे, हा आकडा ड्रायव्हरकडे असतो, आणि एकच आकडा सर्वांना मानवत नाही.

वायफायमध्ये हाच करार निराळ्या रूपाने दिसतो. मोबाइलमधील कार्ड जवळच्या ॲक्सेस पॉइंटला कळविते की, मी झोपतो. मग तो पॉइंट त्याचे टपाल गावच्या पोस्टमास्तरासारखे राखून ठेवतो आणि सामान्यतः दर १०२.४ मिलिसेकंदांनी कोणाकोणाचे टपाल आले आहे याची यादी पुकारतो. कार्ड तेवढ्यापुरते उठते. यादीत नाव असेल तर टपाल मागून घेते, नसेल तर पुन्हा झोपते. झोपणाराला निर्धास्तपणे झोपता येते, कारण दुसरा कोणी त्याच्यासाठी जागा आहे.

चुकीची किंमत

या सर्व विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी : कार्डाची झोप ही त्याची एकट्याची बाब नाही. पलीकडचे टोक, मदरबोर्ड, बायॉस, ऑपरेटिंग सिस्टिम या सर्वांनी वचन पाळले तरच ती सुखाची होते. आणि येथेच ड्रायव्हर लिहिणारापुढे खरा धर्मसंकटाचा प्रसंग उभा राहतो. कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यामधील पीसीआय एक्स्प्रेस दुव्यालाही रिकाम्या वेळी डुलकी घेता येते. रिअलटेक कार्डांसाठी लिनक्समध्ये आर८१६९ नावाचा ड्रायव्हर आहे. त्याने ही डुलकी पुन्हा सुरू केल्यावर तक्रारी येऊ लागल्या. कोणाचा वेग घटला, तर कोणाचे यंत्र सुरूच होईना. तक्रार करणारे अल्पसंख्य होते, पण दुर्लक्ष करता येण्याइतके थोडे नव्हते. २०१९ साली ती डुलकी पुन्हा बंद करण्यात आली. ज्यांच्या लॅपटॉपवर सारे सुरळीत चालले होते त्यांची बॅटरी यामुळे लवकर संपू शकेल, हे बंद करणारांनी उघडपणे मान्य केले होते.

हा निर्णय योग्य होता काय? आमच्या मते, हाती असलेल्या माहितीवर दुसरा निर्णय घेणे कठीण होते. बॅटरी थोडी लवकर संपणे ही गैरसोय आहे. यंत्र सुरूच न होणे हे नुकसान आहे. थोड्यांचे नुकसान टाळण्यासाठी पुष्कळांनी गैरसोय सोसावी, हे न्यायाला धरून आहे. मात्र न्याय तेथे थांबू नये. पुढे प्रत्येक उपकरणाचा हा दुवा वापरणाराने स्वतः चालू-बंद करावा अशी सोय लिनक्समध्ये झाली, आणि ज्याच्या यंत्राला डुलकी मानवते त्याला ती परत मिळविण्याचा मार्ग मोकळा झाला. सरसकट बंदीपेक्षा ही वाट अधिक चांगली आहे.

सामान्य वापरणाराचे कर्तव्यही यात आहे. तार मधूनच तुटू लागली की ‘वीजबचत बंद करा’ असा सल्ला कोणीतरी देतो, आपण ती बंद करतो, आणि विषय संपतो. त्या क्षणापुरता सल्ला बरोबर असेलही. पण दोष कोणत्या कार्डावर, ड्रायव्हरच्या कोणत्या आवृत्तीत, झोपताना की उठताना आला, हे टिपून ड्रायव्हर सांभाळणारांना कळविले नाही, तर तो दोष तेथेच राहतो आणि पुढच्याही यंत्रात बचत बंदच राहते. एका कार्डाचा प्रश्न वॉटभराचा आहे. पण अशी कार्डे घरोघरी, कचेरीकचेरीत आहेत. आपल्या यंत्राला रात्री कोणाच्या हाकेला उठावयाचे आहे, हे एकदा सेटिंग उघडून पाहावे. कोणाच्याच नसेल तर ती सोय बंद करावी; असेल तर हाक मारून पाहावी आणि यंत्र उठते की नाही याची खात्री करून घ्यावी.